झेरॉक्सच्या दुकानातला बायोडेटा बाजूला ठेवा: नाशिकमध्ये खासगी नोकरीसाठी सीव्ही कसा लिहायचा

सातपूरला किंवा अंबडला एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन ‘सीव्ही बनवून द्या’ म्हटलं, की दुकानदार कॉम्प्युटरवरची जुनी फाईल उघडतो, आधीच्या मुलाचं नाव खोडतो आणि तुमचं टाकतो. वरचं ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ तसंच राहतं: आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या आणि स्वतःच्या प्रगतीला हातभार लावणे. खाली वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद म्हणून क्रिकेट आणि गाणी ऐकणे. सगळ्यात शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ असं लिहून सही. लग्नाच्या बायोडेटाचाच हा चुलतभाऊ. माणूस कुठल्या घरचा ते कळतं, पण त्याला काय काम येतं ते शोधायला गेलं तर ‘दोन वर्षांचा अनुभव’ एवढीच ओळ सापडते.

ज्याच्या टेबलावर हा कागद पडतो, त्याला तुमच्या घराशी काही घेणं नसतं. तो एचआरचा माणूस असेल, प्रॉडक्शन मॅनेजर असेल, लहान कारखान्यात स्वतः मालकच असेल. समोर गठ्ठा असतो, फोन वाजत असतो. पहिल्या नजरेत तो एवढंच बघतो, की आपल्याला हवं ते काम याने केलंय का, कशावर आणि कितपत केलंय, आणि बोलावलं तर हा येईल का. या प्रश्नांची उत्तरं पहिल्या अर्ध्या पानात मिळाली पाहिजेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. नाशिकरोडची नोट प्रेस, ओझरचं एचएएल, जिल्हा परिषद अशा ठिकाणी जागा निघाल्या, की जाहिरातीत सांगितलेला अर्जच भरावा लागतो. तिथे सीव्ही कितीही चांगला असला तरी त्याचा उपयोग नाही. पुढचं सगळं खासगी नोकरीसाठी आहे.

## आधी वही, मग कॉम्प्युटर

टेम्प्लेट शोधत बसू नका. वही घ्या आणि जिथे जिथे काम केलंत त्या प्रत्येक जागेसाठी एक पान ठेवा. त्यावर जसं आठवेल तसं, मराठीतच लिहा: तिथे काय बनायचं किंवा काय विकलं जायचं, तुमच्या ताब्यात कोणतं मशीन, कोणतं खातं, कोणतं रजिस्टर होतं, दिवसाला किती काम व्हायचं, कोणाला रिपोर्ट करायचात, तुमच्या हाताखाली कोण होतं. आणि एक प्रश्न चुकवू नका: काय बिघडलं की तुम्हालाच हाक मारायचे? बहुतेकांच्या सीव्हीतली सगळ्यात चांगली ओळ या प्रश्नाच्या उत्तरात दडलेली असते, आणि ‘त्यात काय एवढं’ म्हणून ती कधी कागदावर येतच नाही.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते एका उदाहरणावर पाहू. अंबडच्या एका व्हेंडर युनिटमध्ये (मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यात) चार वर्षं काम केलेला सीएनसी ऑपरेटर, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रामवर चालणारं मशीन सांभाळणारा, धरा. त्याच्या जुन्या सीव्हीत लिहिलंय: ‘सीएनसी ऑपरेटर, ४ वर्षे. प्रॉडक्शनची जबाबदारी सांभाळली. मेहनती व वक्तशीर.’

आता त्याला विचारू. मशीन कोणतं? दोन टर्निंग सेंटर, फानुक कंट्रोल (मशीन चालवणाऱ्या कंट्रोल यंत्रणेचा ब्रँड). जॉब कसले? गाड्यांचे शाफ्ट आणि बुश. सेटिंग, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन लावून घेणं, कोण करायचं? ‘मीच. सेटर दिवसपाळीलाच असायचा, रात्री आपणच बघायचो.’ टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालायचा? काही जॉबला वीस मायक्रॉन. मापं कशाने घ्यायचास? मायक्रोमीटर, बोअर गेज, एअर गेज. कधी काही अडलं? ‘इन्सर्ट (धातू कापणारं पातं) झिजला की शाफ्टचा बाहेरचा डाया वाढायचा आणि ते उशिरा लक्षात यायचं. मग मी दर पंचविसाव्या नगाऐवजी दर दहावा नग तपासायला लागलो. रिजेक्शन पुष्कळ उतरलं.’ किती? ‘शिफ्टला पंधराच्या आसपास नग जायचे, नंतर पाच-सहा.’

या गप्पांमधून त्याच चार वर्षांच्या ओळी अशा होतात:

– फानुक कंट्रोलच्या दोन सीएनसी टर्निंग सेंटरवर स्वतंत्रपणे काम, तिन्ही शिफ्ट; वाहन उद्योगासाठी शाफ्ट व बुश.
– रात्रपाळीत जॉब सेटिंग, टूल ऑफसेट, इन्सर्ट बदल व पहिल्या नगाची तपासणी स्वतः. २० मायक्रॉनपर्यंतचा टॉलरन्स.
– मायक्रोमीटर, बोअर गेज, एअर गेज. इन-प्रोसेस तपासणी अहवाल भरणे.
– इन्सर्ट झिजल्याने होणारं रिजेक्शन दर १० नगांनी तपासणी ठेवून शिफ्टला साधारण १५ वरून ५-६ नगांवर आणलं.

यात एक अक्षर वाढवून लिहिलेलं नाही. ‘मेहनती’ हा शब्द गेला, कारण चौथी ओळ वाचणाऱ्याला तो स्वतःहून सुचतो. आकडा पक्का आठवत नसेल तर ‘साधारण’ लिहा, अजिबात आठवत नसेल तर आकडा टाकू नका. इंटरव्ह्यूला समोर बसलेला माणूस त्याच शॉप फ्लोअरवर वाढलेला असतो. तो लगेच विचारतो, ‘कमी केलं म्हणजे नेमकं काय केलंस?’ खरं काम केलेला तिथे पाच मिनिटं बोलतो. नेटवरून आकडा उचललेला घाम पुसतो.

ऑफिसच्या कामालाही हीच रीत. ‘अकाउंट्स पाहिले’ यापेक्षा ‘टॅलीत रोजच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी, महिन्याचं जीएसटी रिटर्न भरण्यासाठी माहिती तयार करणे, बँक रिकन्सिलिएशन, सुमारे ६० पार्ट्यांची उधारी वसुली’ हे लिहिलं, की मालकाला तुमचा महिना डोळ्यांपुढे दिसतो.

भाषेचं म्हणाल तर बहुतेक कंपन्यांना सीव्ही इंग्रजीतच द्यावा लागतो. इंग्रजी कच्चं असेल तरी अडत नाही. सीव्हीत पूर्ण वाक्यं लागतच नाहीत, वरच्यासारखे तुकडे पुरतात. मराठीत कच्चं लिहून मग इंग्रजी करा. मोबाईलवरच्या एआयकडून करून घेतलंत तरी हरकत नाही, फक्त त्याने घातलेले भारदस्त शब्द काढून टाका. जो शब्द तुम्हाला तोंडाने उच्चारता येत नाही, तो तुमच्या सीव्हीत शोभत नाही. पतसंस्था, शाळा, सामाजिक संस्था मराठी सीव्ही आनंदाने घेतात. तो मात्र युनिकोडमध्येच टाइप करा, जुन्या फाँटमधली फाईल समोरच्याकडे उघडली की नुसती चिन्हं दिसतात.

## कंत्राटदाराच्या पेरोलवर असाल तर

नाशिकमध्ये हा प्रश्न फार जणांचा आहे आणि त्याबद्दल नीट कोणी सांगत नाही. मुलगा मोठ्या कंपनीच्या लाईनवर तीन वर्षं उभा असतो, पण पगार कंत्राटदाराकडून येतो. सीव्हीत तो सरळ मोठ्या कंपनीचं नाव टाकतो. नवी कंपनी पडताळणी करताना पीएफची सर्व्हिस हिस्ट्री मागते. यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) तिथे जी आस्थापना दिसते ती कंत्राटदाराची. झालं, खोटं लिहिलं असा शिक्का बसतो, काम मात्र खरोखर केलेलं असतं.

उलट काही जण लाजेने फक्त कंत्राटदाराचं नाव लिहितात. ते नाव वाचून कोणाला काही कळत नाही आणि तीन वर्षं वाया जातात.

दोन्ही लिहा, एकाच ओळीत: ‘असेंब्ली ऑपरेटर, अमुक कंपनी, सातपूर प्लांट (पेरोल: तमुक एंटरप्रायझेस), जून २०२१ ते ऑगस्ट २०२४’. कामाचं ठिकाण आधी, पेरोल नंतर. यात कमीपणा काही नाही, एचआरवाल्यांना ही व्यवस्था तुमच्यापेक्षा जास्त माहीत असते. मधे कंत्राटदार बदलला आणि काम तेच राहिलं, तर वेगवेगळ्या नोकऱ्या दाखवू नका. एकाच नोकरीखाली दोन्ही पेरोल लिहा, नाहीतर दर अकरा महिन्यांनी नोकरी सोडणारा माणूस वाटाल. सीव्ही लिहायला बसण्याआधी पीएफच्या पोर्टलवर आपली सर्व्हिस हिस्ट्री उघडून तारखा जुळवून घ्या.

अप्रेंटिसशिप हा वेगळा भाग आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खाली केलेली अप्रेंटिसशिप नोकरी म्हणून दाखवायची नसते. तिला वेगळं शीर्षक द्या, ट्रेड, कंपनी, काळ आणि प्रमाणपत्र मिळालं असेल तर तेही लिहा. आयटीआयच्या मुलाकडे मोठ्या प्लांटमधल्या अप्रेंटिसशिपचं एक वर्ष असेल तर ते सीव्हीत सगळ्यात वर आलं पाहिजे, दहावीच्या टक्क्यांच्या खाली नव्हे.

## जाहिरात वाचा आणि ओळींचा क्रम बदला

वहीतलं सगळं प्रत्येक सीव्हीत जात नाही. वरच्या ऑपरेटरला क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी अर्ज करायचा असेल, तर गेजेस आणि तपासणी अहवालाची ओळ पहिली येईल, सेटिंगची तिसरी. सेटरच्या जागेसाठी उलट. जाहिरातीत जे शब्द आहेत तेच वापरा: त्यांनी ‘व्हीएमसी’ (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर) लिहिलं असेल तर तुम्ही नुसतं ‘मिलिंग मशीन’ लिहू नका. मोठ्या कंपन्यांत आणि नोकरीच्या पोर्टलवर सीव्ही आधी सॉफ्टवेअर चाळतं, आणि ते शब्दाला शब्द जुळवतं. लघुरूप आणि पूर्ण रूप दोन्ही एकदा येऊ द्या. अर्थात जे येत नाही ते जाहिरातीत आहे म्हणून उचलायचं नाही.

## पानाचा वरचा भाग

नाव, मोबाईल, ईमेल, आणि राहण्याचं ठिकाण एवढंच. गल्ली-घर नंबर नको, ‘सिडको, नाशिक’ किंवा ‘पंचवटी, नाशिक’ पुरे. ईमेल नावाचाच असू द्या. ‘किंग’, ‘रॉयल’, ‘लव्हर’ असले पत्ते कॉलेजात ठीक होते.

नावाचा एक घोळ आपल्याकडे नेहमी होतो. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर नाव आधी, कुठे वडिलांचं नाव पूर्ण तर कुठे नुसतं आद्याक्षर. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं तर आणखी गुंतागुंतीचं. सीव्हीवर आधार आणि पॅनवर आहे तसं नाव ठेवा, कारण पुढे पीएफचं खातं त्यावरच जोडलं जाणार आहे. आधार आणि पॅनवरचीच नावं जुळत नसतील तर सीव्हीआधी ते काम उरका.

‘ऑब्जेक्टिव्ह’ काढून त्या जागी दोन ओळींचा सारांश द्या: कोण आहात, किती अनुभव, कशात हात बसलाय. ‘सीएनसी टर्निंगमध्ये ४ वर्षे, सेटिंग व इन-प्रोसेस तपासणी, वाहन उद्योगाचे सुटे भाग.’ बस.

आणि याच भागात नाशिककरांनी एक ओळ घालावी. सिन्नर, गोंदे, दिंडोरी इथले प्लांट शहरापासून साधारण पंचवीस-तीस किलोमीटरवर आहेत. कंपनीची बस प्रत्येक भागातून जाईलच असं नाही, आणि तिसऱ्या शिफ्टला तर प्रश्नच. एचआरला सतत हीच धास्ती, की माणूस निवडला आणि महिन्याभरात ‘लांब पडतं’ म्हणून सोडून गेला. म्हणून तयारी असेल तर लिहून टाका: ‘तिन्ही शिफ्टची तयारी, सिन्नर व गोंदे चालेल, स्वतःची दुचाकी व लायसन्स’. तयारी नसेल तर गप्प बसा, पण खोटं लिहू नका.

## मधली रिकामी वर्षं

२०२० ते २०२३ काय करत होतात? हा प्रश्न येणारच, तेव्हा तारखांची चलाखी करण्यापेक्षा उत्तर कागदावर असलेलं बरं.

एमपीएससीचा अभ्यास केला असेल तर एक ओळ: ‘२०२१–२०२३: एमपीएससी राज्यसेवा परीक्षेची तयारी’. पूर्वपरीक्षा पास झाला असाल तर तेही. लाजण्यासारखं त्यात काही नाही, महाराष्ट्रातल्या निम्म्या एचआरवाल्यांच्या घरात कोणी ना कोणी ती केलेली असते. त्यांना फक्त एकच शंका असते, की हा पुढच्या जाहिरातीला पुन्हा निघून जाईल का. तयारी थांबवली असेल तर सारांशात ‘आता पूर्णवेळ खासगी क्षेत्रात काम करायचं आहे’ एवढं म्हणा. बाळंतपण, घरातलं आजारपण यालाही अशीच एक ओळ, तपशील नको.

शेतीचं मात्र वेगळं आहे. निफाड, दिंडोरीकडची मुलं दोन-तीन वर्षं घरची द्राक्षबाग सांभाळतात आणि सीव्हीत ती वर्षं चक्क गाळतात, किंवा ‘घरी शेती’ असं दोन शब्दांत उरकतात. अहो, निर्यातीची बाग सांभाळणं म्हणजे काय काम असतं ते पॅकहाऊसवाल्याला विचारा! एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, डिपिंग, थिनिंग, टोळीची मजुरी, फवारणीची नोंदवही, औषध मारल्यापासून काढणीपर्यंत किती दिवस जायला हवेत त्याचा हिशेब, ग्रेपनेटवरची (निर्यातीच्या द्राक्षबागांच्या ऑनलाइन यंत्रणेवरची) नोंदणी, रेसिड्यू टेस्टचा, म्हणजे मालात औषधाचा अंश उरलाय का त्याच्या तपासणीचा रिपोर्ट. मोहाडीसारख्या ठिकाणच्या शेतमाल कंपन्या, खत-औषध कंपन्यांची फील्डची कामं, पॅकहाऊसचे सुपरव्हायझर या सगळ्यांना नेमका हाच अनुभव लागतो. मग तो असा लिहा:

– घरच्या ४ एकर निर्यातक्षम द्राक्षबागेचं पूर्ण व्यवस्थापन, २०२१ ते २०२३.
– हंगामात २० ते २५ मजुरांच्या टोळीचं नियोजन, हजेरी व मजुरी.
– फवारणी नोंदवही, काढणीपूर्व प्रतीक्षा काळ व ग्रेपनेट नोंदणी. माल निर्यातदारामार्फत परदेशी.

‘मालक: वडील’ असं कुठे लिहायची गरज नाही.

## कॉलेजमधून नुकतेच बाहेर पडलेल्यांसाठी

इथे शिक्षण वर येतं, प्रोजेक्ट त्याखाली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चौघांत मिळून असतो आणि चौघांच्या सीव्हीत तोच परिच्छेद असतो. एकाच कॉलेजचे चार सीव्ही एकाच टेबलावर आले की ते दिसतं. तेव्हा प्रोजेक्टचं नाव एका ओळीत आणि ‘माझं काम’ दुसऱ्या ओळीत: सर्किट तुम्ही जोडलं, की कोड लिहिला, की सातपूरच्या वर्कशॉपमध्ये जाऊन फ्रेम वेल्ड करून आणली? फ्रेम आणली असेल तर तेच लिहा, खर्च आणि वेंडरशी बोलणं यातही शिकण्यासारखं असतं. इंडस्ट्रिअल व्हिजिट हा अनुभव नव्हे, ती गाळा.

सीजीपीए लिहिताना कितीपैकी ते लिहा. एटीकेटी सीव्हीत लिहायची सक्ती नाही, पण विचारलं तर खरं सांगा, मार्कशीट शेवटी मागतातच. एमएस-सीआयटी ऑफिसच्या कामासाठी लिहा, कॉम्प्युटर इंजिनिअरने ती लिहू नये. मुक्त विद्यापीठाची पदवी लपवायची तर काहीच गरज नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच नाशिकमध्ये आहे आणि शिफ्ट करत करत बी.कॉम. झालात हे ‘नोकरी सांभाळून’ या दोन शब्दांसकट लिहावं. मला तरी असा सीव्ही दिसला की मी पूर्ण वाचतो.

## काय काढून टाकायचं

धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय, पासपोर्ट साइज फोटो, सही-शपथ, छंद, ‘रेफरन्सेस ऑन रिक्वेस्ट’. आधार आणि पॅनचे नंबर तर कधीच नाही. सध्याचा पगारही नको, तो फोनवर विचारतील. विचारतील तेव्हा सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) आणि हातात येणारा पगार यात गल्लत करू नका. कौशल्यांपुढे पाचपैकी चार चांदण्या काढायची फॅशन आलीय. एक्सेलला चार चांदण्या म्हणजे काय? ‘व्हीलुकअप, पिव्होट टेबल’ लिहा, कळतं.

## मांडणी आणि फाईल

ए-फोर, एक पान. आठ-दहा वर्षांपेक्षा जास्त अनुभव असेल तर दोन. साधा फाँट, ११ पॉइंट, एकच कॉलम. सगळ्यात अलीकडची नोकरी आधी. दोन कॉलमची रंगीत टेम्प्लेटं दिसायला छान असतात, पण सॉफ्टवेअर ती आडवी वाचतं आणि डावीकडचा मोबाईल नंबर उजवीकडच्या अनुभवात घुसतो.

याची एक सोपी तपासणी आहे. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ओळी नीट क्रमाने आल्या तर फाईल चांगली. सगळा गोंधळ झाला किंवा काहीच पेस्ट झालं नाही, तर सॉफ्टवेअरलाही तसंच दिसणार. कागदाचा फोटो काढून बनवलेली पीडीएफ या परीक्षेत नापासच होते.

फाईलला ‘न्यू रेझ्युमे फायनल टू’ असं नाव ठेवू नका. नाव, पद, अनुभव: समोरच्याच्या डाउनलोडमध्ये शंभर फायली असतात, त्यात तुमची सापडली पाहिजे.

## पाठवायचा कसा

मोठ्या कंपनीला ईमेल किंवा तिचं पोर्टल. विषयाच्या ओळीत पद आणि अनुभव. मजकूर चार ओळी: जाहिरात कुठे पाहिली, त्यातलं कोणतं काम तुम्ही केलंय, किती दिवसांत रुजू होता येईल, फोन नंबर. रिकामा ईमेल आणि नुसतं जोडपत्र पाठवणारे खूप आहेत.

अंबड-सातपूरचे लहान कारखाने आणि कंत्राटदार व्हॉट्सॲपवर काम करतात. तिथे पीडीएफच पाठवा आणि तिच्यासोबत एक ओळ: ‘नमस्कार सर, सीएनसी सेटर-ऑपरेटर, ४ वर्षे, फानुक. अंबडच्या जागेसाठी सीव्ही पाठवत आहे.’ रात्री अकराला ‘हाय’ पाठवून उत्तराची वाट बघू नका. आणि व्हॉट्सॲपचा डीपी एकदा बघून घ्या, तोही सीव्हीबरोबर जातोच. राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर नोंदणी करून ठेवली तर रोजगार मेळाव्यांचं कळतं. मेळाव्याला जाताना सीव्हीच्या प्रिंट भरपूर न्या, झेरॉक्सची झेरॉक्स नको.

रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, ट्रेनिंग, ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ अशा कुठल्याही नावाखाली कोणी आधी पैसे मागितले तर तिथेच थांबा. चांगली कंपनी कामावर घेण्यासाठी पैसे घेत नाही. ऑफर लेटरच्या आधी आधारची प्रत मागणाऱ्यालाही आधी कंपनीचं नाव, पत्ता आणि लँडलाइन विचारा.

शेवटचं काम वहीच्या मागच्या पानावर: कोणत्या कंपनीला, कोणत्या तारखेला, कोणता सीव्ही पाठवला. फोन तीन आठवड्यांनी येतो, तोही अनोळखी नंबरवरून, आणि तुम्ही तेव्हा मशीनवर किंवा सिटीलिंकच्या बसमध्ये असता. ‘कोणती कंपनी म्हणालात?’ असं विचारायची वेळ येऊ नये म्हणून ही यादी मोबाईलमध्येही ठेवा, आणि इंटरव्ह्यूला जाताना त्यांच्याकडे पोचलेल्या सीव्हीचीच प्रिंट बरोबर घ्या.